अंगण ते कुरण : नूतन बाल शिक्षण संघाची शंभर वर्षे

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा सहा वर्षांखालच्या मुलाचे शिक्षण हा आपल्याकडे विषयच नव्हता. सहावे लागले की पाटीपूजा, मग बिगरी, मग पंतोजींची छडी. त्याआधीचे मूल घरातच वाढायचे. आजी असली तर आजीच्या मांडीवर, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. आजी आणि बहीण त्याला काय शिकवत होत्या याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण ते शिक्षण आहे असे कोणाला वाटतच नव्हते. संघाच्या शंभर वर्षांच्या कामाचा गाभा मला त्या कडेवरच्या मुलात आणि त्याला सांभाळत फिरणाऱ्या त्याच्या बहिणीत दिसतो. दोघांना एका आवारात आणायचे, दोघांनाही शिकू द्यायचे आणि एकाचे शिकणे दुसऱ्याच्या जिवावर होऊ द्यायचे नाही, हे संघाने प्रत्यक्ष करून दाखवले.

हे काम भावनगरला सुरू झाले, मुंबईत वाढले आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघरमधल्या, बोर्डी-कोसबाडला पोचून पूर्ण अंगात आले. तरीही हा इतिहास मुद्दाम धुळे-जळगावच्या वाचकांसमोर ठेवला आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आज जी अंगणवाडी भरते, तिचे मूळ बोर्डीच्या अंगणात आहे. आपल्याकडच्या कितीतरी सेविकाताईंना हे ठाऊक नसते. आपण एका मोठ्या परंपरेत काम करतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

गिजुभाई मूळचे वकील. सौराष्ट्रात वढवाणला त्यांची वकिली चालली होती. मुलगा झाला आणि याला कसल्या शाळेत घालायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. मारिया माँटेसरींचे पुस्तक हाती आले आणि वकिली मागे पडली. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर उघडले. भरघोस मिशांचा हा धिप्पाड माणूस मुलांत इतका रमायचा, की लोक त्यांना ‘मूछाळी मा’, मिशावाली आई, म्हणू लागले.

ताराबाई तिथे पोचल्या त्या १९२३ साली. १८९२ चा जन्म, घर प्रार्थनासमाजी, माहेरचे आडनाव केळकर. १९१४ साली पदवीधर झालेल्या या बाई लग्नानंतर अमरावतीत राहिल्या. तो संसार टिकला नाही. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काम केले. त्या काळात एका हिंदी स्त्रीने असे पद सांभाळणे ही लहान गोष्ट नव्हती. लेकीच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांना गिजुभाईंच्या बालमंदिराचा पत्ता लागला आणि मानाची जागा सोडून त्या तिथे लहान मुलांसोबत जमिनीवर बसायला गेल्या. तीन वर्षांनी संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि मग मराठीत निघू लागली. ‘बिचारी बालके’, ‘बालविकास व शिस्त’ ही ताराबाईंची पुस्तके पालकांच्या हाती पडू लागली. मुलाला मारू नका, भीती घालू नका, त्याचे त्याला करू द्या, असे मराठी घरांना लेखी सांगणारे हे जवळजवळ पहिलेच गंभीर लेखन म्हणावे लागेल.

याच वर्षांत आपल्या अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवत होते. १९२४ ते १९३० हा त्यांचा तिथला काळ. छात्रालयात लहान-मोठी मुले एकत्र राहत. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसत, कपड्यांच्या घड्या घालत. ते पाहून मुले ओशाळली आणि आपापली कामे आपण करू लागली. गुरुजींचा माँटेसरी पद्धतीशी काही संबंध होता असे मला म्हणायचे नाही. पण मुलाने आपले काम आपण करावे ही निकड त्या एकाच दशकात भावनगरला आणि अमळनेरला वेगवेगळ्या वाटांनी जाणवली, आणि दोन्हीकडे तिला उत्तर मिळाले ते उपदेशाविना, याची खानदेशी वाचकाने नोंद घ्यावी.

आता त्या पद्धतीकडे वळू, कारण संघ काय जपत होता हे त्याशिवाय कळणार नाही. रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी माँटेसरींनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की जिन्यांत, गल्ल्यांत मोकळी सुटलेली पन्नासेक मुले त्यांच्याकडे आली. वये साधारण अडीच-तीनपासून सहा-सातपर्यंत, खोली मात्र एकच. मुलांची वयांवरून प्रतवारी करायची सोयच नव्हती. पण एकत्र राहणारी ही मुले एकमेकांकडून शिकतात हे त्यांच्या शास्त्रज्ञ नजरेने टिपले. मग तीन ते सहा या वयांची मुले एकत्र ठेवणे हा त्यांच्या पद्धतीचा पायाच ठरला.

अशा खोलीत सगळ्या वस्तू मुलाच्या हाताला पोचतील अशा बुटक्या फळ्यांवर मांडलेल्या असतात आणि प्रत्येक साधन एकच असते. गुलाबी मनोरा एक, दट्ट्यांची पेटी एक, खरकागदी अक्षरांचा संच एक. मनोऱ्याचे दहा ठोकळे, सर्वांत लहान एका सेंटिमीटरचा आणि मोठा दहाचा. तो दुसऱ्या कोणी घेतला असेल तर थांबायचे, थांबता थांबता बघायचे. तीन वर्षांचे पोर पाच वर्षांच्या मुलीला खरकागदी ‘ग’ वरून बोट फिरवताना रोज बघत असते. त्याला अजून कोणी काही शिकवलेले नसते, पण ज्या दिवशी ते स्वतः तो संच उचलते, त्या दिवशी निम्मे काम आधीच झालेले असते. दट्ट्यांच्या पेटीत दहा भोके आणि दहा दट्टे. एक चुकीच्या जागी बसला की शेवटी एक दट्ट्या हातात उरतो. चुकले हे बाईंना सांगावे लागत नाही आणि मूल ओशाळतही नाही, ते पुन्हा सगळे उपसून बसते.

मोठे मूल धाकट्याला दाखवते तेव्हा दोघांचेही काम होते. साडेचार वर्षांच्या मुलाला आपण कुठे अडखळलो होतो ते अजून आठवत असते, मोठ्या माणसाला ते आठवत नाही. म्हणून त्याची मदत नेमक्या जागी पडते. दुसरे असे, की एका वयाची तीस मुले एका खोलीत कोंबली की पहिला कोण आणि शेवटचा कोण हे पहिल्याच आठवड्यात ठरते. निरनिराळ्या वयांच्या खोलीत प्रत्येकाचे काम वेगळे असल्याने अशी रांग लावायला जागाच राहत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. घरात सदाचे धाकटे असलेले मूल इथे तिसऱ्या वर्षी मोठे होते. त्याला विचारून करणारे, त्याच्याकडे बघणारे कोणीतरी भेटते. बुजरे मूल त्या वर्षी बोलू लागते.

या सगळ्यात बाईंनी काय करायचे, तर हात आवरायचा. माँटेसरी शिक्षिकेच्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग हाच असतो. बटण लावता लावता मूल पाच मिनिटे झगडते आहे, आपल्याला ते पाच सेकंदांत लावता येते, आणि तरी लावायचे नाही.

गिजुभाई १९३९ साली गेले. त्याआधीच ताराबाई मुंबईत आल्या होत्या आणि १९३६ पासून दादरला शिशुविहार सुरू झाले होते. बालवर्गाबरोबर शिक्षिका तयार करण्याचे कामही तिथे होऊ लागले. नोव्हेंबर १९३९ मध्ये स्वतः माँटेसरी भारतात आल्या, मद्रासजवळ अड्यारला. पुढच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९४०, आईचा सत्तरावा वाढदिवस, त्या दिवशी त्यांची सुटका झाली. युद्धाची वर्षे मायलेकांनी भारतातच काढली, अनेक शिक्षकांना शिकवले. मात्र मराठी-गुजराती मुलखात ही वाट त्याच्याही आधी तेरा वर्षे संघाने पाडलेली होती, हे विसरून चालणार नाही.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली. त्यांच्या घरी करायला माणसे होती. आई भरवायची, मोलकरीण पायांत बूट चढवायची, आजी केस विंचरायची. चार वर्षांच्या मुलाला घरात कसलेच काम नव्हते, म्हणून बालवर्गात त्याला काम दिले जाई. तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, सांडले तर फडक्याने पुसणे, भाजी निवडणे, आपला डबा आपण उघडणे, चपला जोडीने लावून ठेवणे. पालकांना हे आधी विचित्र वाटे. पैसे भरून मुलाला शाळेत घातले ते फरशी पुसायला का, असा त्यांचा सवाल असे. तो आजही जळगाव-धुळ्याच्या बालवर्गांत ऐकू येतो आणि ताईंना त्याला रोज नव्याने उत्तर द्यावे लागते. उत्तर ताराबाईंच्या वेळचेच आहे. ओतताना मनगट स्थिर होते, तेच मनगट पुढे पेन्सिल धरते, आणि आपले आपल्याला येते हा विश्वास तर सर्वांच्या आधी येतो. आमच्याकडे अहिराणी बोलणारे पोर छाती पुढे काढून “माले येस!” म्हणते, तो विश्वास.

शिशुविहार नावारूपाला आले होते. ताराबाई तिथेच थांबत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली असती. पण शहरात रुजलेले हे शिक्षण गावातल्या गरीब मुलापर्यंत जातच नाही, ही खंत त्यांना होती. तुरुंगातून बाहेर आल्यावर गांधीजींनी नई तालीमचा विचार सात वर्षांच्या आधीच्या मुलापर्यंत नेला होता आणि कस्तुरबांच्या स्मृतीत गावातल्या स्त्रिया-मुलांसाठी निधी उभा राहिला होता. त्या वातावरणात १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या. तिथे संघाचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. नेमक्या त्याच वर्षी डहाणू-तलासरीच्या रानात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्या मुलांसाठी ताराबाई निघाल्या होत्या त्यांच्या आईबापांची ही स्थिती होती.

बोर्डीला त्यांच्यासोबत गेल्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. शिकून शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवता शिकवता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून त्या बोर्डीला निघाल्या. १९९२ साली देह ठेवेपर्यंत त्या कामातून त्या परतल्याच नाहीत. ताराबाईंनी विचार मांडावा आणि अनुताईंनी तो पायी पाड्यापाड्यांवर न्यावा, असे त्या दोघींचे चालले. संघाला आलेले यश या जोडीचे आहे. एकटीच्या नावावर ते लिहिणे दोघींवर अन्याय करणारे होईल.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आईबाप पहाटेच कामावर गेलेले. मुलांना आणणार कोण, आणि अंगावर घालायला काय? मग ताईच वस्तीत गेल्या. कोणाच्या तरी अंगणात सारवलेल्या जागेवर मुले जमवली. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. गावातली मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवस्तीतल्या अंगणवाड्या अशी दुहेरी रचना उभी राहिली. अंगणात भिंत नसल्याने बाया दारात उभ्या राहून सगळे बघत. नखे कशी काढतात, मुलाला न रागावता कसे बोलतात, हे त्यांनी बघितले. पालकसभा घ्यावी लागली नाही. अंगणात वयाची अटही पाळता येत नव्हती. तीन वर्षांचे पोर यायचे ते सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर बसून, आणि बहिणीच्या मागे दीड वर्षाचे आणखी एक.

इटलीच्या नमुन्याची महागडी साधने इथे परवडणारी नव्हती. ताराबाईंनी ती सरळ बाजूला ठेवली. समुद्रकाठचे शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काड्या आल्या. शिंपले लहानमोठे लावायचे, बिया जातवार वेगळ्या करायच्या, पाने आकाराने जुळवायची. तत्त्व तेच ठेवले, की हाताने करत करत डोक्यात क्रम उभा राहावा. मूळ साधनांबद्दल काटेकोर असलेल्या मंडळींना हा बदल मानवण्यासारखा नव्हता, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. दट्ट्यांची पेटी मुलाची चूक स्वतः दाखवते, शिंपल्यांची ओळ तशी दाखवत नाही. मग बोर्डीला ती चूक कोण दाखवत होते? शेजारी बसलेले मोठे मूल. साधन जितके साधे तितकी मिश्र वयाच्या सोबतीची गरज अधिक, असे माझे मत या इतिहासावरून बनले आहे. महागडी साधने घेऊन एका वयाची मुले बसवणाऱ्या वर्गापेक्षा शिंपले घेऊन बसलेले ते अंगण माँटेसरींच्या मूळ खोलीला अधिक जवळचे होते.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि पूर्णपणे वारली मुलांमध्ये सुरू झाले. इथे दादरचे गणित उलटे झाले. वारली मूल स्वावलंबी होतेच. चार-पाच वर्षांचे पोर झऱ्यावरून पाणी आणायचे, चुलीत लाकूड सारायचे, खेकडे पकडायचे, रानातली कुठली फळे खायची आणि कुठली नाही हे त्याला ठाऊक असायचे. त्याला पाणी ओतायला शिकवणे म्हणजे त्याचा अपमान. त्याच्या अंगी असलेले हे कसब शाळेने मोडू नये, त्याला जोडून अक्षर-अंक यावेत, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी ताईंना वारली बोली शिकावी लागली, रानाची नावे शिकावी लागली. मुलांकडून शिकायचे म्हणतात ते इथे दिवसाचे कामच झाले.

आणि सहा-सात वर्षांची वारली मुलगी तर गरजेपेक्षा जास्त मोठी झालेली होती. आईबाप मजुरीला गेले की धाकट्या भावंडांची आई तीच. तिचे स्वावलंबन कौतुकाचे खरे, पण त्यापायी तिची शाळा जात होती, तिचे खेळणेही जात होते. प्राथमिक शाळेच्या नियमात कडेवरच्या बाळाला जागा नव्हती आणि बाळाला टाकून ती येणार नव्हती. ताराबाईंनी तोड काढली ती विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. दीड वर्षाचे बाळ पाळणाघरात, चार वर्षांचा भाऊ बालवाडीत आणि ती स्वतः शाळेत. मधल्या वेळेत ती बाळाला बघून येणार, हाक मारली तर ऐकू येणार. पाळण्यापासून प्राथमिक शाळेपर्यंत शिक्षणाची एकच सलग वाट असावी हा शैक्षणिक विचार तर त्यात होताच. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यामागची माणुसकी. बहिणीला तिचे बालपण परत मिळाले आणि भावंडांची ताटातूटही झाली नाही. मिश्र वयाचा वर्ग दादरच्या एकुलत्या मुलाला भावंडे देतो, कोसबाडच्या मुलीच्या खांद्यावरचे ओझे तो उतरवतो. एकाच कल्पनेची ही दोन फळे जगाच्या बालशिक्षणाला संघाने दिलेली देणगी आहे.

मुलगे गुरे राखायला जात. ते टेकडीवरच्या शाळेत येणार नव्हते, मग कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तिथे ताई किंवा गुरुजी जायचे, झाडाखाली गोष्ट, गाणे, मोजणी व्हायची. एक डोळा गुरांवर ठेवून मुले शिकायची. मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालले. जे मूल शाळेत येऊ शकत नाही त्याच्याकडे शाळेने जायचे, हा ताराबाईंचा हट्ट होता आणि अंगण, कुरण, रात्र या तिन्ही ठिकाणी तो त्यांनी पुरा केला.

मानसन्मान आले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या आणि भार अनुताईंवर आला. त्यांनी तो आणखी १९ वर्षे वाहिला, पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाल्यावरही टेकडी सोडली नाही. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे पुस्तक प्रत्येक डी.एड. झालेल्या शिक्षकाने आणि प्रत्येक अंगणवाडी ताईने एकदा तरी वाचावे. त्यात गाजावाजा नाही. काय जमले, काय फसले ते साध्या शब्दांत सांगितले आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. आपल्या राज्यात मेळघाटातले धारणी त्या पहिल्या प्रकल्पांत होते. गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी, जे बोर्डीत आधी वापरात आले होते. नाव पोचले, पोषण आणि लसीकरण पोचले, आणि त्याने असंख्य बाळे वाचली, हे उपकार मोठे आहेत. बोर्डीची शिक्षणपद्धती मात्र तितकी पोचली नाही. सेविकाताईंच्या वाट्याला नोंदवह्या, वजने, आहारवाटप आणि आता मोबाइलवरची माहिती इतकी आली, की मुलाशेजारी शांत बसायला त्यांच्याकडे वेळच उरत नाही. याचा दोष ताईंवर टाकणे अन्यायाचे होईल.

आता आपल्या जिल्ह्यांकडे बघू. धुळे आणि जळगाव शहरांत नर्सरी, ज्युनिअर के.जी., सीनिअर के.जी. अशी वर्षावर्षाने वेगळी केलेली वर्गवारी प्रतिष्ठेची झाली आहे. गावातल्या आईला वाटते, आमच्या अंगणवाडीत तीनचे आणि सहाचे पोर एकत्रच बसते, म्हणजे काहीतरी कमी आहे. पुष्कळ ताईंनाही तसेच वाटते. त्या ओशाळून सांगतात, खोली एकच आहे हो, काय करणार. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांना ठामपणे सांगायचे आहे, की ही खोली एकच असणे हीच तुमची श्रीमंती आहे. शहरातला के.जी. जे मोडून बसला ते तुमच्याकडे अजून शाबूत आहे.

त्यासाठी साहित्य विकत आणायची गरज नाही. चिंचोके, सरकी, तुरीचे-बाजरीचे दाणे, सीताफळाच्या बिया, पळसाची पाने, ज्वारीच्या धाटांचे लहानमोठे तुकडे आपल्या शिवारात पडलेले आहेत. सूप, चाळणी, तांब्या, खलबत्ता घरोघर आहेत. प्रत्येक प्रकारचे एकच साधन बुटक्या फळीवर ठेवा, घेतलेली वस्तू जागेवर परत ठेवायची एवढा एक नियम करा, आणि रोज सलग दीड-दोन तास मुलांना कोणी मध्येच उठवू नका. कळण्याच्या पिठाचा गोळा मळायला द्या. पावरी बोलणारे पोर पावरीत बोलले तर बोलू द्या, शेजारचे मोठे मूल दुभाष्याचे काम आपणहून करते. पण एक जपा. मोठ्या मुलाला मॉनिटर करू नका. त्याच्या हाती छडी किंवा हुकूम आला, की मिश्र वयाच्या वर्गातला सगळा जीव जातो. धाकट्याने विचारले तर त्याने दाखवायचे, नाहीतर त्याचे स्वतःचे काम आहेच. आणि सहाव्या वर्षी लिहिता यावे म्हणून तिसऱ्या वर्षी पाटी-पेन्सिल हाती देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

मोठ्या बहिणीचा प्रश्न तर खानदेशात आजही संपलेला नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. आईबाप शेतात, बांधावरच्या झाडाला बाळाची झोळी आणि झोळीची दोरी ओढत बसलेली जिल्हा परिषदेच्या शाळेतली दुसरी-तिसरीची मुलगी. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. म्हणजे कोसबाडला ताराबाईंनी जे स्वतःच्या हिमतीवर केले, त्यासाठी आज धोरण आहे आणि तरतूदही आहे.

म्हणून धुळे आणि जळगाव जिल्हा परिषदांच्या पदाधिकाऱ्यांना, कापूसपट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना आणि इथल्या शिक्षणसंस्थांना या शताब्दीच्या वर्षी विनंती आहे, की निदान वेचणीच्या हंगामापुरते तरी पाळणाघर, अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणा. सुरुवात प्रत्येक तालुक्यात एका गावापासून करा, आणि ते गाव निवडताना हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे सर्वांत जास्त गैरहजऱ्या जिथे लागतात, ते गाव निवडा.